दूरची चिटणिशी

राहुरी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर गेली सात वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो : रात्री अकरा-बारापर्यंत दिवा लावून तुम्ही नेमके काय करता? ‘कंपनीच्या साहेबांची कामे’ असे उत्तर दिले, की पुढचा प्रश्न तयार असतो. कंपनी कुठली, सुप्याची की नगरच्या एमआयडीसीतली? साहेब लंडनला आणि न्यूयॉर्कला बसतात, त्यांना मी समोरासमोर कधी पाहिलेले नाही, तरी त्यांचा उद्याचा दिवस त्यांच्या आधी मला ठाऊक असतो, हे सांगितल्यावर माणूस जरा वेळ गप्प राहतो. हुद्द्याचे नाव ‘एक्झिक्युटिव्ह असिस्टंट’. मराठीत ‘स्वीय सहायक’ हा शब्द आहे, पण त्याने मंत्र्याच्या दालनाबाहेर फायली सांभाळत बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. जुन्या कागदांच्या वाचनाचा मला नाद आहे. त्या वाचनातच या कामाचे खरे नाव सापडले.

1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ‘मंत्री’ म्हणजे वाकनीस हे एक पद होते. ते दत्ताजी त्रिंबक यांच्याकडे होते. वाकनिसाने राजाची रोजची हकिकत लिहून ठेवायची, भेटीला कोण येणार, आमंत्रणे कोणाला, भोजनाची व्यवस्था काय हे पाहायचे आणि राजाभोवती कट शिजत नाही ना यावरही डोळा ठेवायचा. आज मी ज्याला ‘कॅलेंडर सांभाळणे’ म्हणते ते याहून फार वेगळे नाही. पत्रव्यवहार तपासण्याचे काम सचिवाचे म्हणजे सुरनिसाचे. प्रत्यक्ष पत्रे लिहिणारा मात्र चिटणीस, आणि तो अष्टप्रधानांत नव्हता. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस. त्यातला ‘नीस’ फार्सीतल्या ‘नवीस’चा, म्हणजे लिहिणाऱ्याचा. फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस ही आडनावे आपण रोज उच्चारतो, पण ही सगळी एके काळची कचेरीतली खुर्ची आहे हे विसरून जातो.

महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहायला सांगितले. कामाच्या गर्दीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी विचारले तेव्हा बाळाजींनी ‘तयार आहे’ म्हणून कोरा कागद हाती धरला आणि पत्र अस्खलित वाचून दाखवले. जवळ उभ्या मशालजीला हसू आवरेना, तेव्हा बिंग फुटले. गोष्ट घडली की नाही हे इतिहासकारांनी ठरवावे. माझ्या दृष्टीने तिच्यात या व्यवसायाचे मर्म आहे. धन्याला काय म्हणायचे आहे आणि तो ते कोणत्या शब्दांत म्हणेल, हे चिटणिसाला आधीच ठाऊक असते. माझ्या दोन साहेबांपैकी एक जण ‘नाही’ हा शब्द कधी लिहीत नाहीत. ‘या तिमाहीत जमेलसे दिसत नाही’ असे लिहितात. दुसरे दोन ओळींच्या वर जात नाहीत आणि आभार मानत नाहीत. आठवड्यात शेकडो पत्रे त्यांच्या नावाने मी लिहिते. त्यांतला ‘मी’ माझा नसतो. सुरुवातीला हे फार विचित्र वाटे. आता कधी कधी घरच्या निरोपातसुद्धा ‘या तिमाहीत जमेलसे दिसत नाही’ येते आणि नणंद हसते.

काम नेमके काय, ते थोडक्यात सांगते. सकाळी साहेब उठण्यापूर्वी आलेली टपाले चाळायची. दीडशेपैकी ज्यांना त्यांनीच उत्तर दिले पाहिजे अशी आठ-दहा वर काढायची, ज्यांना मी उत्तर देऊ शकते त्यांना द्यायचे आणि बाकीची योग्य माणसाकडे वळवायची. भेटी ठरवायच्या, हलवायच्या, मोडायच्या. विमान, हॉटेल, व्हिसा. संचालक मंडळाच्या बैठकीचे कागद गोळा करायचे, इतिवृत्त लिहायचे, आणि बैठकीत ज्याने ‘करतो’ म्हटले त्याच्या मागे लागायचे. यादी किरकोळ वाटते. पण मोठ्या कंपनीच्या प्रमुखापाशी पैसा आणि माणसे भरपूर असतात. कमी असतो तो वेळ. त्या वेळाच्या दाराशी कोण उभे आहे यावर पुष्कळ ठरते. तीन महिने भेट मागणाऱ्या माणसाला मंगळवारची वीस मिनिटे द्यायची की नाही, हा निर्णय कागदोपत्री साहेबांचा असतो. प्रत्यक्षात दहापैकी नऊ वेळा तो राहुरीत होतो.

चिटणिसाची दुसरी बाजू म्हणजे चूक. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीतल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ही ‘ध चा मा’ची कथा प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. ती कितपत खरी यावर वाद आहे. पण एका अक्षराने काय होऊ शकते, ही लिहिणाऱ्या जातीची भीती तिच्यात गोठून राहिली आहे.

माझा ‘ध चा मा’ 1 नोव्हेंबर 2024 चा, ऐन लक्ष्मीपूजनाचा. भारताचे घड्याळ वर्षभर एकच असते, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. (हेही सहजी झालेले नाही. 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेगळी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही.) लंडन आणि न्यूयॉर्क मात्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यापूर्वी मागे घेतात, तेही वेगवेगळ्या रविवारी. लंडन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, न्यूयॉर्क नोव्हेंबरच्या पहिल्या. मधल्या आठवड्यात त्या दोन शहरांतले अंतर पाच तासांऐवजी चार तास होते. 2024 साली हा आठवडा 27 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर असा, म्हणजे नेमका दिवाळीत पडला. न्यूयॉर्कच्या सकाळी दहाची बैठक होती. संगणकातल्या कॅलेंडरने लंडनची वेळ बरोबर दुपारी दोन दाखवली होती. पण सोबतच्या पत्रात मी सवयीने हाताने लिहिले, ‘लंडन दुपारी तीन’. लंडनच्या साहेबांनी यंत्रावर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवला. इकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले, पाटावर लक्ष्मी मांडलेली, लाह्या-बत्तासे ताटात, आणि फोन वाजू लागला. न्यूयॉर्कला दोन गुंतवणूकदार ताटकळत बसलेले. पुढचा तास मी माफीची पत्रे लिहीत होते, त्यांतली दोन साहेबांच्या नावाने, माझ्याच चुकीबद्दल. पूजा सासूबाईंनी केली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले.

त्या दिवसापासून मी भिंतीवर कालनिर्णयाशेजारी एक कागद लावला आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे दुपारचे दीड किंवा अडीच. पत्रात आता मी वेळ हाताने लिहीतच नाही.

रात्रीच्या कामाबद्दल शहरी मैत्रिणी हळहळतात. वस्तीवर त्याचे कोणाला विशेष वाटत नाही, कारण शेतपंपाची थ्री फेज वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्यात रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात माझे दीर मध्यरात्री उसाला पाणी धरायला जातात. उसात बिबट्या असतो, म्हणून हातात बॅटरी आणि काठी, आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी. मी खिडकीपाशी बैठकीचे इतिवृत्त लिहीत असते. दोघांचेही वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले. फरक इतकाच की त्यांचे वेळापत्रक चुकले तर ऊस वाळतो, माझे चुकले तर कोणीतरी विमानतळावर अडकतो. सिंगल फेजही गेली तर मला इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे आणि गाडीची चावी एवढे भांडवल लागते. चावी अशासाठी, की एकदा साडेतीन किलोमीटरवर रेंज शोधत जाऊन मी नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला गाडीत बसून संचालकांची बैठक पार पाडली आहे.

दुरून कारभार हाकण्याचा आमच्या जिल्ह्याशी संबंध जुना आहे. 2024 मध्ये ज्यांचे नाव जिल्ह्याला मिळाले त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या, जन्म 1725. महेश्वरी बसून त्यांनी जवळजवळ तीस वर्षे राज्य चालवले, आणि तुकोजी होळकर फौजेसह वर्षानुवर्षे दूरच्या मोहिमांवर. मधला दुवा पत्रांचा. तुकोजी पैसे मागत, बाई हिशेब मागत. ही कुरबूर अखेरपर्यंत चालली. शिवाय महेश्वर दरबारातून पुण्याला वेगळी बातमीपत्रे जात असत. ती पुढे द. ब. पारसनीसांनी छापली. ती वाचताना मला मौज वाटते ती एका गोष्टीची : दूरच्या माणसाला नुसती बातमी पुरत नाही, त्याला दरबाराचा रंगही कळावा लागतो. कोण रुष्ट आहे, कोण आजारी, कोण कोणाला भेटले. माझ्याकडे दरबाराचा रंग ओळखायला पडद्यावरचे चेहरे आणि पत्रांतली विरामचिन्हे एवढेच आहे. साहेबांच्या पत्रातला स्वल्पविराम गेला की मी त्या दिवशी दुपारच्या दोन भेटी पुढे ढकलते.

आणि मग गुपिते. गेल्या वर्षी एका सकाळी मला चाळीस नावांची यादी आली. प्रत्येकासाठी पंधरा मिनिटांची भेट ठेवायची, विषय ‘संवाद’. कशासाठी ते लिहिलेले नव्हते. लिहावे लागतही नाही. यादीत सव्विसावे नाव नाशिकच्या एका मुलीचे होते. माझ्यासारखीच घरून काम करणारी, चार वर्षे आम्ही रोज बोलत आलो होतो. तिच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. आमंत्रण गेल्यावर पाच मिनिटांत तिचा निरोप आला : ‘ताई, विषय काय आहे गं?’ माझ्या करारात गुप्ततेचे कलम आहे आणि ते बरोबरच आहे. दाराशी बसणाऱ्याने आतले बाहेर सांगितले तर दाराला अर्थ उरत नाही. मी लिहिले, ‘ते स्वतःच सांगतील.’ खोटे नव्हते. पण तिला जे कळायचे ते त्यातून कळले असणार, आणि तसे कळावे म्हणूनच मी ‘मला माहीत नाही’ असे लिहिले नाही, हे आज कबूल करते. नंतर तिने फोन उचलला नाही. बाळाजी आवजी 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या आज्ञेने हत्तीच्या पायी मारले गेले, कटात सामील असल्याच्या आरोपावरून. त्यात ते निर्दोष होते असे पुढे मानले गेले, आणि त्यांचे चिरंजीव खंडो बल्लाळ त्याच गादीची चिटणिशी करीत राहिले. आमच्याकडे हत्ती नाही. पण आतले जाणणाऱ्यावर दोन्हीकडून संशय असतो, हे तेव्हाही होते.

यावर जुन्यांनी एक व्यवस्था केली होती, तिचे मला कौतुक वाटते. शिवकालीन पत्रात मजकूर लेखनिकाचा असे, पण शिरोभागी राजमुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मर्यादेची मुद्रा. तिच्यापुढे कोणी चार शब्द घुसडू शकत नसे. म्हणजे लेखणी एकाची आणि शिक्का दुसऱ्याचा. नव्याने या कामात येणाऱ्या मुली मला विचारतात, की साहेब पासवर्ड देतात तो घ्यावा का? मी सांगते, घेऊ नये. टपाल आणि कॅलेंडर यांना ‘प्रतिनिधी’ म्हणून वेगळा प्रवेश देता येतो. त्यात कोणी काय केले याची नोंद राहते आणि काम सुटले की तो काढून घेता येतो. बँकेचा ओटीपी तर फोनवर ऐकूसुद्धा नये. उद्या पैसा इकडचा तिकडे झाला तर पहिले बोट परदेशातल्या, न पाहिलेल्या, कंत्राटी बाईकडे जाणार.

कंत्राटी हा शब्दही नीट समजून घ्यावा. माझ्यासारख्या अनेक जणी नोकरीत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, बाळंतपणाची रजा नाही. डॉलरमध्ये येणारा आकडा रुपयांत मोठा दिसतो, पण त्यातून विमा, इन्व्हर्टर, संगणक, आयकर सगळे आपणच काढायचे. करारात काम थांबवण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, हे ओळीवर बोट ठेवून वाचावे. माझ्या पहिल्या करारात ती सात दिवसांची होती आणि मी ती वाचलीच नव्हती.

2025 साली भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती. लंडनचे घड्याळ 26 ला मागे गेले, न्यूयॉर्कचे 2 नोव्हेंबरला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दोन्ही साहेबांच्या कॅलेंडरात साडेसहा ते साडेआठ अशी जागा अडवून ठेवली होती. विषयाच्या रकान्यात ‘संवाद’ लिहिलेले नव्हते. ‘पूजा’ असे लिहिले होते, माझ्या स्वतःच्या नावाने.