‘हायकू’ ह्या शब्दाची कुळकथा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कविसंमेलनांत आणि महाविद्यालयांच्या अंकांत हायकू आता नवखा राहिलेला नाही. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी तो मराठीत रुजविला, हे श्रेय त्यांचेच. परंतु त्याबरोबर एक समजूतही रुजली : हायकू म्हणजे फूल, पाखरू आणि हळुवार क्षण, तेथे विद्रोह नको, खरखरीत भाषा नको. आमच्या लिहित्या मुलांना हे वारंवार ऐकविले जाते. म्हणून हा शब्दच उकलून पाहिला पाहिजे.

‘कू’ म्हणजे कवितेचा चरण. ‘हाय’ ह्या चित्राक्षराचा संबंध मात्र थट्टेशी, सोंगाड्याशी आहे. जपानी दरबारात ३१ ध्वनींची ‘वाका’ कविता होती. तिच्यातून अनेकांनी मिळून रचावयाची साखळी-कविता, ‘रेंगा’, निघाली. दरबारी कवितेत कोणते शब्द चालतील हे ठरलेले असे. बोलीतले, चिनी वळणाचे शब्द बाद. पुढे हीच साखळी थट्टेच्या अंगाने रचली जाऊ लागली आणि व्यापारी-कारागिरांतही पसरली. ती ‘हाइकाई’. दरबाराने वर्ज्य केलेल्या शब्दांना ‘हाइगोन’ म्हणत, आणि ते वापरणे हीच हाइकाईची ओळख होती! बाशोने (१६४४–१६९४) पिसवा, उवा, घोड्याचे मूत ह्यांना कवितेत जागा दिली.

साखळीचे पहिले १७ ध्वनींचे कडवे म्हणजे ‘होक्कू’. मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनी १८९०नंतरच्या दशकात ते साखळीतून सोडवून स्वतंत्र कविता मानले आणि ‘हायकू’ हे नाव रूढ केले. तीन ओळी ही तर भाषांतरांची सोय. जपानीत तो बहुधा एकाच उभ्या ओळीत लिहितात. मराठी हायकूतले यमकही आपले, जपानचे नव्हे.

तीन पादांचा छंद आपल्याकडेही जुना आहे. गायत्रीत आठ-आठ अक्षरांचे तीन पाद असतात. पण वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतण्याची शिक्षा गौतमधर्मसूत्रात सांगितली आहे. जात्यावरची साडेतीन चरणांची ओवी दळणाऱ्या बाईला कोणाच्या परवानगीने मिळालेली नव्हती.

राहिला ऋतू. हायकूत ऋतुवाचक शब्द हवा, हा संकेत खरा. पण १९३०नंतर जपानमधल्या नव्या हायकूकारांनी तोही झुगारला, युद्धावर लिहिले. १९४० साली ‘क्योतो विद्यापीठ हायकू’ ह्या नियतकालिकाच्या कवींना सरकारने अटक केली. सतरा ध्वनींची कविता निरुपद्रवी आहे, असे त्या पोलिसांना तरी वाटले नव्हते.

आणि ऋतू पाळायचाच असेल, तर ‘पावसाळा’ हा शब्द कल्याणच्या वालधुनी नदीकाठच्या वस्तीतही ऋतुवाचकच आहे. २६ जुलै २००५ रोजी तो घराघरांत शिरला होता.