वजिराला दिसत नाही, पिटाला दिसतं

परळच्या राजकमल स्टुडिओचं नाव निघालं की शांतारामबापू आठवतात. पण त्यांच्या आधी त्याच जागेत, लवजी कॅसलमध्ये, जमशेद आणि होमी वाडियांची ‘वाडिया मूव्हीटोन’ होती. १९३५ साली तिथूनच एक बुरखाधारी बाई चाबूक फडकावत बाहेर पडली. सुपरमॅन जन्माला यायला तेव्हा तीन वर्षं होती, बॅटमॅनला चार!

‘हंटरवाली’चा सांगाडा साधा. राज्य कपटी वजिराच्या मुठीत, प्रजा गांजलेली. महालातली राजकन्या माधुरी बाहेर पडली की डोळ्यांवर पट्टी, हातात हंटर, खाली घोडा. जमशेदना डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांचं वेड होतं, साचा तिकडचाच.

गंमत पुढेच आहे. माधुरी झाली होती नादिया, म्हणजे मेरी अ‍ॅन इव्हान्स: जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, सर्कशीत काम केलेलं, सोनेरी केस, दणकट बांधा. अख्ख्या राज्यात अशी दुसरी बाई सापडायची नाही. तिने डोळ्यांभोवती चिंधीएवढं कापड बांधलं की वजीर बुचकळ्यात! क्लार्क केंटचा चष्मा तरी दुसरं काय करतो? ही पटकथेची ढिलाई आहे म्हणणारे खुशाल म्हणोत. मला विचाराल तर सगळी मेख इथेच आहे. वजिराला जे उमगत नाही ते पिटातल्या माणसाला केव्हाच ठाऊक असतं. दिवसभर साच्यावर उभं राहून मुकादमाची बोलणी खाल्लेल्या गिरणी कामगाराला, अख्खं राज्य हाकणाऱ्यापेक्षा आपण शहाणे आहोत, हे दोन-अडीच तास अनुभवायला मिळतं.

कोकणातून आलेल्या चाकरमान्याला तर हे मुळीच नवं नव्हतं. दशावतारात काळ्या पोशाखातला संकासुर वेद पळवणार, टिंगलटवाळी करणार आणि विष्णूच्या हातून मरणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग रात्र जागवायची कशाला? तर मरण्याआधी आज तो काय बरळतो ते ऐकायला. संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतात. शेवट पक्का, म्हणून नटाला मधे मोकळं रान. आणि बघणाराही ‘काय होणार’ची धास्ती सोडून ‘कसं होणार’ ते चवीने बघतो.

लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये १२ कथा घेऊन हेच तपासलं. काही वाचकांना शेवट आधीच फोडून सांगितला, तर गोष्ट त्यांनाच जास्त आवडली. रहस्यकथासुद्धा! नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही निघालं म्हणा. पण बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांना प्रयोगाची गरज कुठे होती? १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या हजारावर रहस्यकथा आल्या आणि त्यांचा नायक झुंजार याही संकटातून निसटणार हे माहीत असूनच लोकांनी पुढचं पुस्तक उचललं.

जमशेदना मात्र पुढे उच्च कलेची ओढ लागली. १९४१ मध्ये त्यांनी ‘राज नर्तकी’ काढला, तोही इंग्रजीसकट तीन भाषांत. भावांचं फाटलं, १९४२ मध्ये लवजी कॅसल शांतारामांकडे गेला. होमींनी ‘बसंत पिक्चर्स’ थाटली आणि १९४३ मध्ये नादियालाच घेऊन सिनेमा आणला. नाव? ‘हंटरवाली की बेटी’.