दुधाचे माप कोणाच्या हाती?

ज्वारी पोत्यात राहते, कांदा चाळीत राहतो. सकाळी काढलेले दूध मात्र थंडाव्याविना दुपारपर्यंतही टिकत नाही. भावाच्या घासाघिशीत ज्याला थांबता येत नाही तो हरतो, हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

त्यात माप घेणाराही खरेदीदारच! गाईच्या दुधाचा दर साधारणतः ३.५ फॅट व ८.५ एस.एन.एफ. या प्रतीला धरून सांगितला जातो. प्रत उतरली की दर उतरतो. संकलन केंद्रावरील यंत्राने ३.२ दाखविले, तर उत्पादकाने दाद मागावी कोणाकडे? शिवाय पशुखाद्यासाठी त्याच केंद्रचालकाकडून उचल घेतलेली असली, तर दुसरीकडे दूध घालण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते.

उसाला वैधानिक दर आहे, १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधनही आहे. (ते कितपत पाळले जाते, हा प्रश्न निराळा.) दुधाला तसे संरक्षण नाही. जुलै २०१८ मध्ये आंदोलनात दूध रस्त्यावर ओतले गेले, तेव्हा शासनाने लिटरला २५ रुपये दर जाहीर केला. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला ५ रुपये अनुदान दिले. अनुदानाने पडत्या दराची तूट काही काळ भरून निघते, माप मात्र जेथल्या तेथेच राहते.

१९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी मुंबईला जाणारे दूध रोखले ते केवळ चार पैसे जादा मिळावेत म्हणून नव्हे. मध्यस्थ वगळून आमच्या संघाकडूनच दूध घ्या, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडेही संघ आहेत. पण सभासदांसमक्ष यंत्राची पडताळणी करण्याची रीत त्यांपैकी किती जणांनी पाडली आहे?