क्लिअर कोटची ओली घासाई

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात गाडी रंगवली, तर रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, नीट पसरण्याआधीच त्यातला थिनर उडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो.

इलाज आहे, पण धीराचा. १५०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून रबरी ठोकळ्यावर गुंडाळायचा आणि हलक्या हाताने घासायचे. पुढे २०००, मग ३०००. ओघळणारे पांढुरके पाणी क्लिअर कोटचेच असते. पुसून पाहिल्यावर चकाकते ठिपके दिसले, तर तिथे खोलगट भाग अजून शिल्लक आहे. सगळे सारखे निस्तेज झाले, की कंपाउंड लावून बफिंग.

पाण्यात गाडीचा रंग उतरला, तर मात्र थर संपला. तिथे नव्याने फवारणीच करावी लागते. कंपनीचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचाच, कडांवर बहुधा त्याहूनही पातळ. म्हणून घासण्याआधी कडांवर टेप लावाच.