प्लग बसला, पण दाब जुळला का?

पेणहून रोह्याकडे जाताना नागोठण्यानंतर निडी हे लहानसे स्टेशन लागते. विद्यार्थिमित्रहो, या स्टेशनावरून एखादी लांब पल्ल्याची गाडी धडधडत जात असते, तेव्हा काही मीटरच्या अंतरात विजेचे चार निरनिराळे दाब नांदत असतात. इंजिनावरच्या तारेत २५,००० व्होल्ट, रुळांपलीकडच्या घरांत २३० व्होल्ट, डब्यातील चार्जिंगच्या सॉकेटात अनेक गाड्यांमध्ये ११० व्होल्ट, आणि तिथे लावलेल्या साध्या चार्जरमधून मोबाइलकडे जाणाऱ्या वायरीत अवघे ५ व्होल्ट!

घरातला चार्जर या डब्यात लावला तरी तो मुकाट्याने काम करतो. पण समजा, चार्जरऐवजी कोणी पाणी तापवण्याची १५०० वॉटची किटली लावली तर? रेल्वेत तसे करण्यास बंदी आहे. तेव्हा आपण ती फक्त कागदावर लावू. किटलीतील तारेचा रोध जवळजवळ तोच राहतो आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ११० भागिले २३० याचा वर्ग होतो सुमारे ०.२३. म्हणजे १५०० वॉटची किटली उरली जेमतेम ३४३ वॉटची! घरी साडेतीन मिनिटांत उकळणारे लिटरभर पाणी आता पंधरा मिनिटे घेईल. वाटेत निसटणारी उष्णता धरली तर त्याहूनही अधिक.

अमेरिकेत घरगुती दाब १२० व्होल्ट असतो. इथली इस्त्री तिथे नेली तर तिचीही हीच गत होते. पण उलटा प्रवास खरा धोक्याचा. तिकडून भेट म्हणून आलेली १२० व्होल्टची, १२०० वॉटची इस्त्री घ्या. ती १० अँपिअर प्रवाह घेते, म्हणजे तिचा रोध १२ ओहम. ती आपल्या २३० व्होल्टवर लावली की प्रवाह होतो १९ अँपिअर आणि शक्ती सुमारे ४४०० वॉट. तार जळेल, नाहीतर फ्यूज जाईल. फ्यूज गेला तर नशीब समजा.

मग चार्जरच का तगतो? त्याच्या अंगावरची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचा. बहुतेकांवर ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले आढळेल. हा चार्जर आलेल्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा आधी एकदिश प्रवाह करतो. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि इवल्याशा रोहित्रातून पुढे पाठवतो. वारंवारता एवढी मोठी असल्याने रोहित्र इतके लहान चालते. बाहेर पडणाऱ्या दाबावर एक मंडल सतत लक्ष ठेवून असते. आत येणारा दाब कमी झाला, की ते स्विच दर खेपेला जरा जास्त वेळ चालू ठेवते. नळाला धार बारीक असली, की आपण तोटी अधिक वेळ उघडी ठेवतो, तसेच हे. किटलीपाशी असली अक्कल नाही.

रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून आखातात नोकरीला गेलेली माणसे पुष्कळ. त्यांची अडचण अगदी वेगळी. दुबईत दाब आपल्यासारखाच, पण आपला प्लग तिथे शिरतच नाही. आपल्या गोल पिना ही जुन्या ब्रिटिश प्लगची ठेव. ब्रिटनने मात्र १९४७ च्या नव्या मानकाने चपट्या पिनांचा, पोटात फ्यूज असलेला प्लग आणला आणि आखातातील बऱ्याच देशांनी तोच घेतला. तिथे नुसता प्रवासी अ‍ॅडॉप्टर पुरतो. अमेरिकेत मात्र तो फसवा. तो पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. हौसेने नेलेल्या ७५० वॉटच्या मिक्सरला तिथे दाब वाढवणारे, त्याहून जास्त क्षमतेचे जड रोहित्र लागते. मिक्सरच्या कार्बन ब्रशवाल्या मोटरला ५० हर्ट्झ काय नि ६० काय, फारसा फरक पडत नाही. पण विजेच्या आवर्तनांवर चालणारे ६० हर्ट्झचे घड्याळ इकडे आणून योग्य दाबावर लावले, तर ते तासाला दहा मिनिटे मागे पडेल. जपानचे तर काय सांगावे! एकाच देशात टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्झ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका शहराने जर्मन जनित्रे घेतली, दुसऱ्याने अमेरिकन. तो भेद आजही मिटलेला नाही.

आता आपल्या तीन पिनांच्या प्लगाकडे पाहा. वरची जाड, लांब पिन भूयोजनाची, म्हणजे अर्थिंगची. प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. धातूचे अंग असलेल्या इस्त्रीला ती हवीच, आणि स्वस्त अ‍ॅडॉप्टरांत नेमकी तीच जोडणी अनेकदा नसते. दोन पिनांच्या चार्जरला तिची गरज नाही. त्याच्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण शोधा. दुहेरी विद्युतरोधनाची ती खूण आहे.