फळगळ : देठातील विकरे आणि संप्रेरके

हापूसला मोहोर भरघोस येतो. पण धरलेल्या फळांपैकी बहुतेक फळे वाटाण्याएवढी वा सुपारीएवढी असतानाच गळून पडतात. दोष वाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात वारा बहुधा निमित्तमात्र असतो. देठ तोडण्याची तयारी झाडाने आधीच केलेली असते.

देठाच्या सांध्यापाशी लहान पेशींचे काही थर असतात. त्यांना विलगन-पट्टा म्हणतात. शेजारच्या पेशी पेक्टिन या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. गळण्याची वेळ आली की पट्ट्यातील पेशी पॉलिगॅलॅक्च्युरोनेज व सेल्युलेज ही विकरे तयार करतात. पहिले विकर पेक्टिनचे विघटन करते, तर दुसरे पेशीभित्तिका सैल करते. मग फळाचे वजन किंवा हलकीशी झुळूकही पुरते. तुटल्या जागी संरक्षक थर तयार होत असल्याने जखम उघडी राहत नाही.

ही विकरे केव्हा निर्माण व्हावीत, हे संप्रेरके ठरवतात. कोवळ्या पानात आणि वाढत्या बीमध्ये ऑक्सिन तयार होते. ते देठातून वाहत असते तोवर विलगन-पट्टा इथिलीनला दाद देत नाही. पान जून झाले, बी खुरटले किंवा पाण्याचा ताण पडला की ऑक्सिनचा ओघ आटतो आणि इथिलीन विकरांच्या निर्मितीला चालना देते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत दिव्यांचा गॅस गळे, तेथील झाडांची पाने अकाली झडत. त्या गॅसमधील इथिलीन वनस्पतींवर परिणाम करते, हे रशियातील दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ साली दाखवले. १९६३ मध्ये कापसाच्या कोवळ्या बोंडांतून वेगळ्या केलेल्या संप्रेरकाला पुढे ॲब्सिसिक आम्ल हे गळीवरूनच नाव मिळाले. परंतु बहुतेक वनस्पतींत गळीचा मुख्य सूत्रधार इथिलीनच असल्याचे नंतर स्पष्ट झाले.

या ज्ञानाचा बागायतदाराला थेट उपयोग होतो. नॅप्थॅलीन ॲसेटिक आम्ल या कृत्रिम ऑक्सिनची सौम्य फवारणी आंब्याची फळगळ कमी करते. मात्र हेच रसायन सफरचंदाच्या बागेत फलधारणेनंतर लगेच फवारले, तर जादा फळे गळतात. काढणीपूर्वी फवारले, तर फळे टिकतात. म्हणून रसायनाइतकेच महत्त्व मात्रेला आणि वेळेला आहे. शिवाय मुळाशी ओलावा नसेल, तर केवळ फवारणीने सारी फळे वाचत नाहीत. झाड पोसता येतील तेवढीच फळे ठेवते.