न विचारता घेतलेला होकार

पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांतला फरक आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. खुशाली कळवायची तर कार्ड. मुलीच्या स्थळाची बोलणी किंवा भावाभावांतली वाटणी लिहायची तर पाकीट. ते पाकीट चार पोस्टांतून फिरते, दहा हातांतून जाते. तरी वाटेत कोणी ते फोडून वाचणार नाही, या भरवशावर आपण मनातले लिहितो. पोस्टमनचे काम पत्र पोचवण्याचे. ते वाचण्याचे नव्हे.

आज पत्रांची बरीचशी जागा मोबाइलने घेतली आहे. सोयाबीनचा भाव, पीकविम्याची मुदत, दहावीचा निकाल, गुडघेदुखीवरचे औषध, कर्जाचा हप्ता थकला तर काय होते, असे नाना प्रश्न आपण नेटवर विचारतो. प्रत्येक प्रश्न आपल्या हातातल्या यंत्रातून निघतो, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रांमधून पुढे जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. म्हणजे पोस्टमनच्या जागी आता ही कंपनी बसली आहे. तिने वाटेत पाकीट उघडून पाहिले तर? आणि पाहायचेच असेल तर परवानगी कोणाची घ्यायची? या प्रश्नावर इंग्लंडमध्ये 2006 ते 2012 या काळात एक मोठे प्रकरण घडले. ते आपणही समजून घेण्याजोगे आहे.

2007 सालचा उन्हाळा. इंग्लंडातील एका ग्राहकाच्या लक्षात आले, की आपण नेटवर कोणतेही पान उघडू लागलो, की आपला संगणक मध्येच एका अनोळखी पत्त्याशी संपर्क साधतो. त्याने तो पत्ता मागितला नव्हता. संगणकात विषाणू शिरला असावा अशी त्याला शंका आली. त्याने संगणक साफ केले. तरी प्रकार थांबेना. तेव्हा त्याने आपल्या कंपनीकडे, म्हणजे बीटी या त्या देशातल्या बड्या दूरध्वनी कंपनीकडे, तक्रार केली. दोष तुमच्याच संगणकात आहे, आमच्या बाजूला काही नाही, असे त्याला सांगण्यात आले.

आता विचार करा. घरातला एखादा माणूस म्हणतो, ‘रात्री कोणीतरी दार उघडतंय.’ आणि राखणदार त्यालाच सांगतो, ‘तुम्हाला भास होतोय.’ अशा वेळी सामान्य माणूस काय करणार? तो स्वतःवरच शंका घेतो आणि गप्प बसतो. हा गृहस्थ गप्प बसला नाही. त्याने नोंदी ठेवल्या, विचारपूस चालू ठेवली.

फेब्रुवारी 2008 मध्ये उलगडा झाला. बीटी, व्हर्जिन मीडिया आणि टॉकटॉक या तीन कंपन्यांनी जाहीर केले, की फॉर्म नावाच्या एका जाहिरात कंपनीशी आपण करार केला आहे. या तिघींकडे मिळून त्या देशातले निम्म्याहून अधिक ब्रॉडबँड ग्राहक होते. योजना अशी, की ग्राहक नेटवर काय काय पाहतो ते यंत्राने वाचावे, त्यावरून त्याची आवड ताडावी आणि तशा जाहिराती त्याला दाखवाव्यात. हे जाहीर होताच जुन्या तक्रारीचा धागा जुळला. आपण 2006 आणि 2007 मध्ये ग्राहकांना न सांगता या यंत्रणेच्या चाचण्या घेतल्या होत्या, हे बीटीला त्या वसंतात कबूल करावे लागले. 2006 च्या एकट्या चाचणीत सुमारे 18,000 ग्राहक सापडले होते, असे पुढे बाहेर आले. भास झाला नव्हता. दार खरोखरच उघडले जात होते.

ही यंत्रणा चालत कशी असे, तेही थोडे पाहू. केंब्रिज विद्यापीठातील संगणक-सुरक्षेचे अभ्यासक रिचर्ड क्लेटन यांनी तिची तपासणी करून एप्रिल 2008 मध्ये अहवाल लिहिला. तुम्ही समजा एका वर्तमानपत्राचे पान मागितले. ती मागणी थेट त्या वर्तमानपत्राकडे जायची सोडून कंपनीच्या यंत्राने मध्येच अडवायची. तुमच्या संगणकाला आडवाटेने दोन-तीन ठिकाणी फिरवून आणायचे. या फेरीत संगणकावर एक छोटी खूणचिठ्ठी ठेवली जाई. संगणकाच्या भाषेत तिला कुकी म्हणतात. तुम्ही पूर्वी येऊन गेलात हे ओळखण्यासाठी संकेतस्थळे अशा चिठ्ठ्या ठेवतातच. पण येथे मौज अशी, की ही चिठ्ठी वर्तमानपत्राची आहे असे भासवून ती तिसऱ्याच कंपनीने ठेवलेली असे. पुढे पान तुमच्याकडे येताना त्यातले शब्द यंत्र वाचून घेई आणि तुमच्या चिठ्ठीवरच्या क्रमांकापुढे नोंद करी: याला प्रवासात रस आहे, याला मोटारीत, याला बागकामात.

कंपनीचे म्हणणे काय होते, तेही न्यायाने ऐकले पाहिजे. ती म्हणे, की आम्ही कोणाचे नाव, गाव, पत्ता ठेवत नाही. ठेवतो तो फक्त एक क्रमांक. वाचलेला मजकूर लगेच टाकून देतो. शिवाय फसव्या संकेतस्थळांपासून सावध करण्याची सोयही ग्राहकाला फुकट देतो. ज्याला नको असेल त्याने नको म्हणावे.

या युक्तिवादात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. पण त्यात तीन छिद्रे होती. पहिले असे, की नाव लिहून न घेताही पत्र वाचता येते. ‘तुमचं पाकीट मी फोडलं, पण वरचं नाव वाचलंच नाही,’ असे पोस्टमन म्हणाला तर आपले समाधान होईल काय? दुसरे छिद्र नकाराच्या व्यवस्थेत होते. तुमचा नकार लक्षात ठेवण्याची सोयही अशाच एका खूणचिठ्ठीवर होती. संगणक साफ करताना चिठ्ठ्या पुसल्या, की तुमचा नकारही पुसला जाई. तिसरे छिद्र बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. पत्राला दोन टोके असतात. वाचकाने एकवेळ होकार दिला, तरी ज्याचे पान वाचले जाते त्या संकेतस्थळाच्या मालकाला कोणी विचारले? एप्रिल 2009 मध्ये ॲमेझॉनने आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने आमची पाने या यंत्रणेने वाचू नयेत असे कळवले, ते यामुळेच.

ज्यांनी वर्ल्ड वाइड वेबची कल्पना प्रत्यक्षात आणली, ते टिम बर्नर्स-ली यांनी मार्च 2008 मध्येच आपले मत सांगितले होते, की माझ्या कंपनीने असे काही सुरू केले तर मी कंपनी बदलीन. त्यांनी दिलेला दाखला मनन करण्याजोगा आहे. कर्करोगावरची पुस्तके कोणी नेटवर धुंडाळली आणि ती गोष्ट विमा कंपनीपर्यंत पोचून त्याचा हप्ता वाढला तर? माणूस काय वाचतो यावरून त्याच्या घरातले दुःख कळते. ते दुःख कोणाला सांगायचे हे त्याचे त्यानेच ठरवायला हवे.

आता या प्रकरणातला खरा गाभा पाहू. लंडन शहर पोलिसांकडे तक्रार गेली. सप्टेंबर 2008 मध्ये पोलिसांनी तपास पुढे न नेण्याचे ठरवले. कारण काय दिले? एक तर गुन्हा करण्याचा हेतू दिसत नाही. आणि दुसरे, ग्राहकांची काही प्रमाणात गर्भित संमती होती असे मानता येईल. गर्भित संमती! ज्या माणसाला चाचणी चालू असल्याचा पत्ताच नाही, ज्याने विचारले तर ‘तुमचाच संगणक बिघडलाय’ म्हणून सांगितले गेले, त्याने मनातल्या मनात होकार दिला होता, असे धरायचे!

गावात शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणायचे तर आपण आधी हाक मारतो, ‘काकू, दोन घागरी नेऊ का?’ त्या घरी नसतील तर थांबतो. त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे त्यांचा होकारच, असे म्हणून मोटार लावणाऱ्याला गाव काय म्हणेल ते सांगायला नको. मौन म्हणजे संमती हे बोलण्यापुरते ठीक. पण मौन बाळगणाऱ्यापुढे प्रश्न तरी ठेवलेला असावा लागतो.

युरोपीय आयोगानेही याच ठिकाणी बोट ठेवले. युरोपीय नियमांप्रमाणे संमती मोकळेपणी दिलेली, नेमक्या कामापुरती आणि पूर्ण माहिती घेऊन दिलेली असावी लागते. ब्रिटिश कायद्यात मात्र अशी पळवाट होती, की समोरच्याची संमती आहे असे मानायला वाजवी कारण असले, तरी त्याचे दळणवळण अडवून वाचणे कायदेशीर ठरे. आयोगाने एप्रिल 2009 मध्ये ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली आणि सप्टेंबर 2010 मध्ये प्रकरण युरोपीय न्यायालयाकडे नेण्याचे ठरवले. अखेर ब्रिटनने 2011 मध्ये कायद्यातली ती पळवाट बुजवली आणि जानेवारी 2012 मध्ये आयोगाने प्रकरण मिटवले.

दरम्यान बीटीने 2008 च्या शरद ऋतूत नवी चाचणी घेतली ती ग्राहकांना आधी विचारून. आणि जुलै 2009 मध्ये योजनाच बाजूला ठेवली. फॉर्म कंपनीने दुसऱ्या देशांत प्रयत्न केले, पण 2016 मध्ये तिचा कारभार बंद झाला. गुप्त चाचण्यांबद्दल मात्र कोणालाही शिक्षा झाली नाही. एप्रिल 2011 मध्ये तेथील सरकारी अभियोग विभागाने खटला न भरण्याचा निर्णय दिला. तक्रार करणाऱ्या ग्राहकाला न्याय मिळाला असे म्हणावे, तर अर्धाच. पण कायद्यातले ते शब्द बदलले, ही गोष्ट लहान नाही.

तुम्ही म्हणाल, हे झाले विलायतेतले. आपल्याला त्याचे काय? आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर 2023 मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले असून तो टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याची व्यवस्था आहे. त्यात संमतीची व्याख्या स्पष्ट आहे: ती मोकळी, नेमकी, समजून-उमजून, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय ग्राहकाला मिळाली पाहिजे. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती हवी, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यालाही मनाई आहे. काही अपवाद ठेवले आहेत ते वेगळे. शिक्षकांनी ही शेवटची बाब विशेष लक्षात ठेवावी. कारण मुलांना अमुक ॲप घ्या म्हणून सांगणारे पुष्कळदा आपणच असतो.

तंत्रही त्या काळापेक्षा बदलले आहे. 2008 मध्ये नेटवरची बहुतेक पाने पोस्टकार्डासारखी उघडी जात. आज बहुतेक संकेतस्थळे मजकूर कुलूपबंद करून पाठवतात. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असली, की पाकीट बंद आहे असे समजावे. त्यामुळे वाटेतल्या कंपनीला आतला मजकूर वाचता येत नाही. तरी पाकिटावरचा पत्ता बहुधा दिसतोच: कोणत्या संकेतस्थळावर गेलात, किती वाजता, किती वेळ. रुग्णालयाचे नाव पाहिले तरी पुष्कळ कळते. शिवाय फोनमधली ॲप स्वतःच परवानगी मागून आत डोकावतात, ती गोष्ट निराळीच.

म्हणून ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. माझी कोणती माहिती घेणार? कोणत्या कामासाठी घेणार? आणि उद्या नको म्हणालो तर ते थांबणार कसे? उत्तर मिळत नसेल तर कंपनीला लेखी विचारावे, तारीख घालावी, आलेले उत्तर जपून ठेवावे. शाळेत नागरिकशास्त्राच्या एखाद्या तासाला मुलांपुढे एखाद्या ॲपची परवानग्यांची यादीच ठेवावी आणि विचारावे, ‘बॅटरीचा दिवा लावणाऱ्या ॲपला तुमच्या मित्रांचे नंबर कशाला हवेत?’ मुले चटकन उत्तर देतील. तिथून पुढचा पाठ त्यांचा त्यांनाच सापडेल.